भीमाकाठी, बादशाही तळांच्या मागावर

पहिला दिवस : तुळापूर, वढू

पुणे-नगर रस्त्याला लोणीकंद मागे पडलं की फुलगावच्या फाट्यावर डावीकडे वळायचं. थोड्याच वेळात तुळापूर येतं. भीमा, भामा आणि इंद्रायणी इथे मिळतात. संगमेश्वराचं देऊळ, दगडी घाट, संभाजी महाराजांचं स्मारक, आणि शाळांच्या सहलींनी भरलेलं आवार. आम्ही पोचलो तेव्हा पौषातली सकाळ होती, नदीवर अजून धुकं होतं.

सोबतीला मामा. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून त्यांची नोकरी झाली. कुठल्याही रानात उभे राहिले की उतार कुठे, ओढा कुठे, बांध किती जुना, हे त्यांना बघताक्षणी कळतं. या प्रवासाला तसंच माणूस हवं होतं, कारण आम्ही जे शोधायला निघालो होतो ते जमिनीवर फारसं उरलेलं नाही.

औरंगजेब 1681 मध्ये अजमेर सोडून दक्षिणेकडे निघाला आणि पुन्हा उत्तरेत गेलाच नाही. पंचवीस वर्षांहून अधिक काळ त्याचा दरबार, खजिना, जनाना, तोफखाना, न्यायनिवाडा, सगळं बहुतांशी कापडाच्या भिंतींत चाललं. आपण हा काळ गडांवरून वाचतो : रायगड, जिंजी, पन्हाळा, सातारा. तो सपाटीवरून, तळांवरून पाहावा असं माझ्या मनात बरेच दिवस होतं. लाखो माणसं आणि जनावरं एखाद्या रानात महिनोन्‌महिने उतरली, तर त्या रानाचं आणि तिथल्या गावांचं काय झालं? शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न आधी पडतो.

1689 च्या मार्चमध्ये बादशहाचा तळ या परिसरात, कोरेगावजवळ पडला आणि वर्षअखेरीपर्यंत हलला नाही. 11 मार्चला संभाजी महाराज आणि कवी कलश यांची हत्या झाली ती याच मुक्कामात. वढू बुद्रुकची समाधी इथून जवळ. आम्ही दोन्हीकडे नमस्कार केला. त्याबद्दल अधिक लिहिण्याची माझी लायकी नाही.

संगमाच्या उंचवट्यावर उभं राहून मामांनी रान न्याहाळलं. तळासाठी पाणी हवं, निचरा होणारी जमीन हवी, गाडे चालतील असा सपाट रस्ता हवा आणि आजूबाजूला चारा हवा. चारही गोष्टी इथे आहेत. मोगलांकडे हे ठरवणारा स्वतंत्र अधिकारी असे, मीर मंझिल. तो बेलदारांना, म्हणजे खोदकाम करणाऱ्यांना, घेऊन एक मुक्काम पुढे जाई, जागा नक्की करी आणि आखणी करून घेई. बादशहाच्या डेऱ्यांचे दोन संच असत. एक वापरात असे, तेव्हा दुसरा पुढच्या मुक्कामी उभा राहत असे. त्या पुढे जाणाऱ्या संचाला पेशखाना म्हणत. 1664 च्या सुमारास याच बादशहाबरोबर काश्मीरच्या वाटेला निघालेल्या बर्निए या फ्रेंच वैद्याने पेशखान्याचा पसारा नोंदवला आहे : साठांवर हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरं आणि शंभर हमाल.

तळाच्या मधोमध गुलालबार, म्हणजे कनातींनी बंद केलेलं बादशाही आवार. तंबू बाहेरून लाल, आतून मच्छलीपट्टणच्या छिटाचं अस्तर. भोवती सरदारांचे गोट, प्रत्येकाचा आपापला बाजार. आणि सगळ्यांच्या वर आकाशदिवा. अकबराच्या काळी तो चाळीस गजांहून उंच खांबावर लावत आणि सोळा दोरांनी ताणून धरत, असं अकबराच्या दरबारी इतिहासकाराने, अबुल फजलने लिहिलंय. रात्री वाट चुकलेला माणूस त्या दिव्याकडे बघत आपला गोट शोधी. संध्याकाळी मात्र ओल्या लाकडांच्या आणि शेणाच्या धुराने समोरचं दिसेनासं व्हायचं, हेही बर्निएनेच सांगितलेलं.

अशाच एका रात्री संताजी घोरपडे आणि विठोजी चव्हाण निवडक स्वारांनिशी तळात शिरले. बादशहाच्या डेऱ्याचे तणावे त्यांनी कापले आणि वरचे सोन्याचे कळस काढून नेले, असं बखर सांगते. बादशहा त्या रात्री मुलीच्या डेऱ्यात होता म्हणून वाचला, असंही बखरीतच आहे. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट इथे उभं राहिल्यावर मला वेगळी वाटली. एवढ्या मोठ्या वस्तीत रोज शेकडो अनोळखी माणसं येणार : वैरणवाले, लमाण, भिस्ती, फेरीवाले. चार-पाच लाख तोंडं ओळखणार कोण? तळाचा आकार हेच त्याचं मोठं दुबळेपण होतं, आणि संताजींनी ते बरोबर हेरलं.

मुक्कामाला न्हावऱ्यावरून दौंड गाठलं.

दुसरा दिवस : पेडगाव

दौंडहून भीमा ओलांडून श्रीगोंदा तालुक्यात शिरलो. पेडगावचा भुईकोट, म्हणजे बहादूरगड, ऐन नदीकाठावर आहे. आता त्याला धर्मवीरगड म्हणतात. दक्षिणेचा सुभेदार बहादूरखान कोकलताश याने 1670 च्या दशकात इथे मोगलांची कायमची छावणी केली. आत यादवकाळातली देवळं आहेत. त्यातलं लक्ष्मीनारायणाचं पाहायला तर मुद्दाम यावं, इतकं त्याचं शिल्पकाम देखणं आहे. म्हणजे गाव आणि देवळं आधीपासूनच होती, छावणी त्यांच्या अंगणात येऊन बसली.

बहादूरखानाची फजिती इथे प्रत्येक जण सांगतो. मराठ्यांची एक तुकडी समोर आली, खान सगळी फौज घेऊन तिच्या मागे धावला, तुकडी पळत राहिली, आणि मागे रिकाम्या छावणीवर दुसऱ्या मोठ्या तुकडीने हात मारून खजिना आणि घोडे नेले. आकड्यांची खात्री देता येत नाही, पण डाव अगदी त्या पद्धतीचा आहे. छावणीला बाहेर ओढायचं आणि मोकळ्या छावणीत शिरायचं.

मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो नदीकडच्या बाजूला, हत्तीमोटेपाशी. नदीतलं पाणी हत्तीच्या बळावर उंच ओढून किल्ल्यात आणायची ही सोय. मामा तिच्याभोवती दोनदा फिरले. काठ किती उंच, पाणी किती खोल, याचा अंदाज घेतला. म्हणाले, "बैलाला एवढ्या उंचीची मोट पेलली नसती. आणि हत्ती होते म्हणून जमलं, पण त्या हत्तींनाच किती पाणी लागत असेल बघ." छावणीचं अर्धं गणित पाण्याचंच असतं. इथला हा दगडी मनोरा त्याची उरलेली साक्ष आहे. राजवाड्याच्या भिंतींपेक्षा मला तो मोलाचा वाटतो.

कोकणातल्या संगमेश्वरला 1 फेब्रुवारी 1689 ला पकडलेल्या संभाजीराजांना 15 फेब्रुवारीला इथेच बादशहासमोर आणलं. त्याआधी बादशहाचा मुक्काम अकलूजला होता, तिथून तो मुद्दाम इथे आला. राजांना आणि कवी कलशांना विदूषकी वेष चढवून उंटावरून तळातून फिरवलं. कैद्याचं असं प्रदर्शन शहरात होतं तसं इथे तळात झालं, कारण बादशहाची राजधानीच तेव्हा तळ होती. किल्ल्यात आता शौर्यस्तंभ उभा केलाय. गावातली तरुण मंडळी झाडोरा काढतात, वाटा साफ ठेवतात. आम्ही होतो तेव्हाही चौघे जण तटावरची रोपटी मुळासकट उपटत होते. पिंपळाचं एक मूळ तटातला आख्खा दगड हलवतं, म्हणून हे काम दरवर्षी करावंच लागतं, असं त्यांनी सांगितलं.

सिद्धटेक जवळच, तिथे दर्शन घेतलं आणि परत दौंडला.

तिसरा दिवस : भिगवण, अकलूज, पंढरपूर

आज नुसता प्रवास. भिगवणला उजनीच्या फुगवट्यात रोहित पक्षी आले होते, त्यांच्यासाठी अर्धा तास थांबलो. धरणाने भीमेचा जुना काठ इथे मैलोन्‌मैल बुडवलाय, तेव्हा त्या काठावरच्या मुक्कामांच्या खुणा शोधायचा प्रश्नच नाही.

इंदापूर ओलांडून अकलूजच्या दिशेला लागलो की दोन्ही बाजूंनी ऊस. साखर कारखान्यांचा हंगाम ऐन भरात होता. एका उघड्या माळावर पन्नासेक कोप्या दिसल्या. बांबूच्या कमानी, वर ताडपत्री, बाजूला उसाचं पाचट, बैलगाड्या, दावणीला बैल. आम्ही उतरलो. मुकादमाची परवानगी मागून थोडा वेळ बसलो.

बीड जिल्ह्यातून आलेली टोळी होती. माणसं फडात गेलेली. एक बाई तान्ह्या नातवाला घेऊन मागे राहिली होती. चुलीवर भाकरी करता करता बोलत होती. "ताई, दिवाळीच्या आसपास यायचं, पाडव्याच्या आगंमागं जायचं. इथं पाणी कुठंय, हे आल्याबरोबर बगायचं. बाकी समदं मागनं." कोप्या उभ्या करायला एक दिवस लागतो, मोडायला दोन तास. वाट ठेवून रांगा धरायच्या, बैल वाऱ्याच्या खालच्या अंगाला बांधायचे, चूल कोपीच्या तोंडाशी ठेवायची नाही. कुणीही लिहून न दिलेले हे नियम ती सहज सांगत होती. पहाटे तीनला उठून फडात जायचं, हेही. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटेपर्यंत सुटका नाही, हेही. मोठ्या फौजांबरोबर जाणाऱ्या बेलदार, तंबू ठोकणारे फर्राश, घोडे सांभाळणारे मोतद्दार, भिस्ती यांच्या बायकामुलांचं जिणं काही अंशी तरी असंच असणार. इतिहासात त्यांना बाजारबुणगे म्हणून एका शब्दात गुंडाळतात. मला तो शब्द यापुढे सहज वापरता येणार नाही.

अकलूजला त्या काळात असदनगर असं नाव दिलं होतं. ते टिकलं नाही.

पंढरपुरात संध्याकाळी चंद्रभागेपलीकडच्या पासष्ट एकरांच्या मैदानावर फिरायला गेलो. आषाढीला इथे राहुट्यांचं गावच्या गाव उभं राहतं आणि काल्यानंतर आवरलं जातं. वारीच्या तळाची शिस्त पाहिलेल्या माणसाला लष्करी तळाची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही. त्याला कारणही आहे. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची घडी दिली ती हैबतबाबा आरफळकरांनी. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते. घोडे, तंबू आणि लवाजमा अंकलीच्या शितोळे सरकारांकडून आला. दिंड्यांचे क्रम, चोपदार, तुतारीवर निघणं, तळावर उतरण्याच्या ठरलेल्या जागा, हे सगळं फौजेतल्या माणसाच्या हातचं आहे. फरक एवढाच की हा तळ ज्या गावात पडतो ते गाव त्याची वाट बघत असतं.

चौथा दिवस : माचणूर, ब्रह्मपुरी

याच दिवसासाठी मी निघाले होते.

मंगळवेढ्यापर्यंत काळीभोर जमीन, ओल धरणारी, आणि मैलोन्‌मैल शाळू. मालदांडीची कणसं भरत आलेली, काही ठिकाणी हुरड्याच्या आगट्या पेटलेल्या. दामाजीपंतांचं हे गाव. दुष्काळात सरकारी कोठारं लोकांना मोकळी करून देणारा माणूस ज्या गावचा, त्याच गावच्या शिवाराला पुढे बादशाही तळाने चार वर्षं आपलं कोठार केलं.

माचणूर सोलापूरच्या रस्त्यावर आहे. आत वळलं की भीमेचा रुंद घाट, सिद्धेश्वराचं सुंदर देऊळ, आणि शेजारच्या टेकाडावर किल्ला. दरवाजा, काही बुरूज आणि तट अजून उभे आहेत. नदीकडची बाजू पाण्याने खाल्लीय. आत बरंचसं मोकळं गवत. किल्ला म्हणून पाहिलं तर लहानच, तासाभरात संपतो. पण हा किल्ला नव्हताच मुळी खरा मुक्काम. तो तळाचा गाभा होता, आणि तळ पसरला होता चहूकडे, ब्रह्मपुरीच्या आणि आजूबाजूच्या शिवारांत. 1695 च्या मे महिन्यात बादशहा इथे आला, गावाचं नाव इस्लामपुरी ठेवलं, आणि 19 ऑक्टोबर 1699 ला मराठ्यांचे गड घ्यायला निघेपर्यंत इथून राज्य केलं. काबूलपासून कर्नाटकापर्यंतचे हुकूम या काठावरून सुटत. मोगल सरदार कासीमखानाचा संताजींनी कर्नाटकात दोड्डेरीला केलेला नाश, खंडणी भरून सुटलेले सरदार, या बातम्या त्याला इथे बसून ऐकाव्या लागल्या.

इथे येण्याआधीचा मोठा मुक्काम कृष्णाकाठी गलगल्याला होता. तळ तिथून हलण्याच्या दोनच महिने आधी, मार्च 1695 मध्ये, जेमेली कारेरी नावाचा नेपल्सचा एक वकील गोव्याकडून तिथे पोचला. पदरच्या पैशाने जगप्रदक्षिणेला निघालेला हा माणूस तळातल्या ख्रिस्ती तोफचींच्या वस्तीत उतरला. त्याला बादशहाची भेटही मिळाली. ठेंगणा, सडपातळ, मोठ्या नाकाचा, वयाने वाकलेला, पांढऱ्या वस्त्रांतला म्हातारा, आणि चष्म्याशिवाय अर्ज वाचून स्वतःच्या हाताने शेरे मारणारा, असं त्याचं वर्णन आहे. तळाबद्दल त्याला जे सांगितलं गेलं तेही त्याने लिहून ठेवलं : साठ हजार घोडेस्वार, एक लाख पायदळ, पन्नास हजार उंट, तीन हजार हत्ती, अडीचशे बाजार, एकूण पाच लाख माणसं, आणि तळाचा घेर तीस मैल.

हे आकडे ऐकीव आहेत, थोडे फुगलेलेही असतील. तरी मामांनी देवळाच्या पायरीवर बसून वहीत मांडले. तीस मैलांचा घेर म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटर, गोल धरला तर व्यास पंधरा. माचणूरपासून मंगळवेढा जवळपास तेवढंच. क्षेत्र एकशे ऐंशी चौरस किलोमीटरांच्या वर. मग जनावरं. घोडा दिवसाला तीस लिटर पाणी पितो असं धरलं तर नुसत्या घोड्यांना अठरा लाख लिटर. वाळली वैरण दहा किलो धरली तर रोज सहाशे टन. उंट, हत्ती, बैल त्यात धरलेलेच नाहीत. मामांनी पेन खाली ठेवलं. "आकडे निम्मे कर," ते म्हणाले, "तरी या दोन तालुक्यांचा कडबा पुरायचा नाही. लांबून आणावा लागला असणार. आणि ज्याचा आणला त्याचे बैल काय खाणार?"

धान्य आणत ते लमाण. हजारो बैलांचे तांडे घेऊन ते येत आणि दोन्ही बाजूंना विकत, म्हणून त्यांना सहसा कुणी हात लावत नसे. वैरणीसाठी मात्र रोज कही, म्हणजे चारा गोळा करणारी टोळी, बाहेर पडे, आणि मराठ्यांचे स्वार नेमके कहीवर तुटून पडत. तळ जेवढा मोठा, कही तेवढी लांब जाणार आणि तेवढी उघडी पडणार. आपल्याकडे गनिमी कावा म्हणजे फक्त खिंडी आणि घाट अशी समजूत आहे. संताजी-धनाजींच्या काळात तो बराचसा या सपाट काळ्या रानात, कडब्याच्या गाड्यांभोवती खेळला गेला.

इथेच मला शिवाजी महाराजांच्या त्या पत्राची आठवण झाली. चिपळूणजवळ छावणीला असलेल्या आपल्याच फौजेला लिहिलेलं, 1670 च्या दशकातलं. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण आत्ताच उधळू नका, नाहीतर ऐन पावसात घोडे मरतील. गवताजवळ विस्तव करू नका. रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर वात ओढून नेईल आणि आग लागेल. आणि कुणब्याच्या घरातलं दाणा, भाजी, वैरण जबरीने घेऊ नका. घ्याल तर लोक म्हणतील, यापेक्षा मोगल बरे. एखाद्या राजाने उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार करावा, याचं मला नेहमीच अप्रूप वाटतं. माचणुरात ते पत्र नव्याने कळलं. छावणी गावावर बसते. गाव वाचलं तर फौज वाचते, हे त्यात सरळ लिहिलेलं आहे.

ब्रह्मपुरीत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने चहाला थांबवलं. तळाबद्दल विचारलं तर म्हणाले, "पाव्हणं, आमच्या आज्याच्या वक्ताला नांगराला मेखा लागायच्या, कवा खापरं. आता ट्रॅक्टर खोल जातुया, समदं उलथंपालथं झालं." मग सिद्धेश्वराची गोष्ट सांगितली. बादशहाच्या माणसांनी देवळाला हात लावला तेव्हा गाभाऱ्यातून भुंग्यांचा लोट उठला आणि फौज पळाली. भीमाकाठी ही गोष्ट घरोघर आहे. देऊळ मात्र तळाच्या ऐन मधोमध होतं आणि आजही उभं आहे, हे डोळ्यांना दिसतं.

मला या काठावर सतत आठवत राहिला तो एक मुलगा. 1689 च्या नोव्हेंबरात रायगड पडला. येसूबाई आणि सात वर्षांचा शाहू कैद होऊन तळात आले, आणि त्यांना गुलालबारातच ठेवलं गेलं. इथला मुक्काम सुरू झाला तेव्हा शाहू तेरा वर्षांचा होता, संपला तेव्हा सतरा. बादशहाची मुलगी झीनतुन्निसा त्याच्याशी मायेने वागे. त्याचं सगळं वाढतं वय कनातींच्या आत गेलं. पुढे राजा झाल्यावर शाहू महाराज समेटाकडे झुकत, बादशाहीचा उघड अव्हेर करत नसत, याबद्दल त्यांना बोल लावला जातो. मी लावणार नाही. सातव्या वर्षापासून ज्याने घर म्हणून तंबूच पाहिला, शत्रूच्या घरातली माया आणि आपल्या आईचा धीर एकाच वेळी पाहिला, त्याच्या मनाची घडण या काठावर येऊन समजून घ्यावी लागते.

पाचवा दिवस : खवासपूर

सांगोला तालुक्यात माणगंगेच्या काठी खवासपूर. वाटेत डाळिंबाच्या बागा आणि वेड्या बाभळी. नदीत पाणी नव्हतं, वाळूत शेळ्या चरत होत्या. इथे पाटी नाही, स्मारक नाही. गावात विचारलं तर एका शिक्षकांनी मात्र बरोबर सांगितलं.

1700 साली साताऱ्याचा किल्ला आणि परळी, म्हणजे सज्जनगड, हाती आल्यावर, पावसाने आणि उपासमारीने मोडलेली फौज बादशहाने विश्रांतीसाठी इथे आणली. साताऱ्याच्या वेढ्यात मोगलांचे सुरुंग त्यांच्याच माणसांवर उलटून सुमारे दोन हजार माणसं गाडली गेली होती. तळ माणच्या दोन्ही काठांवर आणि थेट कोरड्या पात्रातही पडला. 1 ऑक्टोबरच्या मध्यरात्री डोंगरातल्या पावसाने नदी एकाएकी चढली. झोपेतली माणसं, जनावरं, तंबू वाहून गेले. आरडाओरडा ऐकून बादशहाला वाटलं, मराठे तळात शिरले. तो धडपडत उठला, ठेच लागून पडला आणि उजव्या गुडघ्याचा सांधा निखळला. तो नीट बसला नाही. त्यानंतर तो कायमचा लंगडला. दरबारी म्हणाले, हा तर मूळपुरुष तैमूरलंगाचा वारसा.

मामा पात्रात उतरून काठाची उंची बघत होते. एका बाजूचा काठ पुरुषभरही नव्हता. "दुष्काळी नदीचा भरवसा धरू नये," ते म्हणाले. "बारमाही नदी सांगून चढते. ही सांगत नाही." गावातल्या कुणालाही विचारलं असतं तरी हे कळलं असतं. पण दहा-पंधरा वर्षं धाकात असलेली गावं कशाला सांगायला येतील? नकाशे, मीर मंझिल, बेलदार, सगळं असून तळ कोरड्या पात्रात पडला, कारण फौजेचं आणि गावाचं बोलणंच तुटलं होतं. असं कुठे लिहिलेलं नाही, हा माझा कयास आहे. पण त्या काठावर उभी राहिल्यापासून तो माझ्या मनातून जात नाही.

या मोहिमांची किंमत मनुची या इटालियन प्रवाशाने दिली आहे. फौजेत दरवर्षी एक लाख माणसं आणि तीन लाख जनावरं मरत, आणि 1702 ते 1704 च्या दुष्काळात व रोगराईत दख्खनमध्ये वीस लाखांहून अधिक माणसं गेली, असा त्याचा अंदाज. माणसांच्या मनांचे हालही नोंदलेले आहेत. वर्षभर दिल्लीत राहू द्या, म्हणून एका सरदाराने लाख रुपये देऊ केले होते, असं इतिहासकार जदुनाथ सरकार लिहितात.

सहावा दिवस : भिंगार

सकाळी लवकर निघून दुपारी अहिल्यानगरला पोचलो. भिंगारच्या बाहेर आलमगीर दर्गा आहे. 1706 च्या जानेवारीत थकलेला बादशहा परत या ठिकाणी आला. 1683 मध्ये तो इथूनच दक्षिणेच्या मोहिमांना भिडला होता. त्या काळच्या इंग्रजी (ज्युलियन) दिनदर्शिकेप्रमाणे 20 फेब्रुवारी 1707 ला तो वारला. देह खुलताबादला नेला. या जागी साधं, पांढरं, शांत आवार आहे. शेजारी भिंगारची छावणी, इंग्रजांनी वसवलेली आणि आज भारतीय सैन्याची. रणगाड्यांचं संग्रहालयही जवळच आहे, आम्हाला वेळ उरला नाही.

बादशहा गेल्यावर तळ फुटला. त्याचा मुलगा आझमशहा वारसाच्या लढाईसाठी उत्तरेकडे निघाला, शाहूंनाही घेऊन. मे 1707 मध्ये भोपाळजवळ दोराह्याला त्यांना सोडलं. अठरा वर्षांच्या तळवासानंतर राजे घरच्या वाटेला लागले. त्या वाटेवरची एक घटना मला या सगळ्या प्रवासाशी जोडलेली वाटते. पारद नावाच्या गावाने त्यांच्या फौजेला वाट दिली नाही. लढाई झाली, गावचा पाटील पडला. त्याच्या बायकोने आपलं लहान मूल आणून राजांच्या पालखीत घातलं आणि त्याचं रक्षण करा म्हणाली. शाहूंनी ते पोर सांभाळलं. फत्तेसिंह भोसले म्हणून वाढवलं. अक्कलकोटची गादी त्यांचीच. गावावर आलेली फौज आणि गावाचं मूल, असा समोरासमोरचा प्रसंग बादशाही तळाच्या पंचवीसेक वर्षांत किती वेळा आला असेल. पालखीतून ते मूल उचलून घेतलं गेलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

ऑक्टोबरात शाहूंचा तळ पुन्हा भीमाकाठीच पडला, खेडला, म्हणजे आजच्या राजगुरुनगरला. समोर ताराबाईंची फौज होती. धनाजी जाधव शाहूंना येऊन मिळाले आणि लढाईचा निकाल लागला. 12 जानेवारी 1708 ला साताऱ्यात राज्याभिषेक झाला. येसूबाई तेव्हाही मोगलांकडे ओलीसच होत्या. बाळाजी विश्वनाथ त्यांना दिल्लीहून घेऊन आले ते 1719 मध्ये. रायगडावरून तळात आल्याला त्यांना तीस वर्षं झाली होती.